ग्रामपंचायतीच्या मतदानाची तयारी : बटण दाबण्याआधीचं काम

(शिरपूर जैन येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

पुढे आया-बहिणी बसल्या आहेत, मागे तरुण पोरं उभी आहेत, पाहून बरं वाटलं. निवडणुकीवर बोलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, हे कोणाच्या तरी बाजूनं बोलणार. आम्ही कोणाच्याच बाजूनं बोलणार नाही. मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ते देण्याआधी काय तयारी करायची, एवढंच आज पाहू.

आपण शेतकरी माणसं. पेरणीची तयारी पाऊस पडल्यावर करत नाही. उन्हाळ्यातच नांगरट होते, बियाणं घरात येतं. मतदानाची तयारी मात्र आपण आदल्या रात्री करतो, आणि ती पण दुसरं कोणी येऊन करून देतं! मग पाच वर्षं नाली, नळ आणि रस्त्यावरून कुरकुर करत बसतो.

पहिलं काम : यादी

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत आहे, हा गैरसमज काढून टाका. मत यादीत असतं, कार्डात नसतं. आमच्यातल्याच एकाच्या घरी असं झालं. आई दर निवडणुकीला न चुकता जायची. एका वर्षी केंद्रावर गेली तर नाव नाही. तासभर उन्हात उभी राहिली आणि परत आली. नंतर कळलं, नाव होतं, पण दुसऱ्याच प्रभागात गेलं होतं. चार दिवस आधी यादी पाहिली असती तर मत वाया गेलं नसतं.

हे कसं घडतं ते समजून घ्या. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पण तो स्वतःची वेगळी मतदार यादी बनवत नाही. विधानसभेची जी यादी असते, आपल्यासाठी रिसोड मतदारसंघाची, तीच घेतो आणि प्रभागांप्रमाणे तोडतो. कोणत्या तारखेची यादी धरायची ते आयोग आधी जाहीर करतो. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर ग्रामपंचायतीला मत नाही. मग तहसीलदारांपुढे कितीही हात जोडा, नवीन नाव तिथे घालता येत नाही.

म्हणून निवडणूक लागण्याची वाट पाहू नका. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. गावातल्या बीएलओकडे द्या किंवा मोबाईलवरून भरा. पूर्वी १ जानेवारीला अठरा वर्षं पूर्ण लागायची. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. बारावीतल्या पोरा-पोरींनो, हे तुमच्यासाठी आहे.

दोन ठिकाणी घरोघर चूक होते. एक, लग्न होऊन आलेली सून. तिचं नाव माहेरीच राहतं आणि ती इथेही मत देत नाही, तिथेही नाही. दुसरं, कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली पोरं. नाव इथे ठेवायचं की तिथे, हे एकदा ठरवा. दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे.

प्रभागवार प्रारूप यादी लागली की हरकतीसाठी थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाचं नाव बोटानं शोधा. प्रभाग चुकला असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे सुटलं असेल, तर त्याच मुदतीत मालेगावच्या तहसील कार्यालयात लेखी हरकत द्या. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

दुसरं काम : उमेदवार ठरतो कुठे, ते पाहणं

अमेरिकेत मुख्य निवडणुकीआधी एक मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण असावा, हेच त्यात मतदार ठरवतात. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला होता. आपल्या राज्यातले वर्धा आणि लातूर त्यात होते. पण तिथे मत होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, तुम्हा-आम्हाला नव्हतं.

आता गावाकडे पाहू. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनल असतं. पॅनल कोणाच्या तरी ओसरीवर, दहा-पंधरा माणसांत, रात्री ठरतं. आपली प्रायमरी तीच! फरक एवढाच की तिथे आपल्याला बोलावणं नसतं. मतदानाच्या दिवशी आपल्यापुढे जी नावं येतात, त्यांतली निवड निम्मी आधीच झालेली असते. म्हणून अर्ज भरायच्या आधी बोला. बचत गटात बोला, पारावर बोला. 'आमच्या प्रभागातून ही बाई उभी राहावी,' असं वीस घरांनी उघड म्हटलं, तर पॅनलवाल्यांना ते ऐकावं लागतं.

राज्यात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागेवर नाव बाईचं आणि कारभार नवऱ्याचा असं होऊ द्यायचं नसेल, तर उमेदवार बाईशीच बोला. प्रश्न तिलाच विचारा, शेजारी बसलेल्या दादांना नाही.

बिनविरोध निवडणुकीबद्दल एक सांगतो. गावानं एकमतानं चांगली माणसं निवडली तर त्यात वाईट काही नाही. पण पद विकून बिनविरोध करणं ही चोरी आहे. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे बोली लागल्याचं उघड झालं, आणि जानेवारी २०२१ मध्ये आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. बोलीचा पैसा मंदिराला देणार, असं सांगितलं म्हणून ती बोली पवित्र होत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा उभं राहायचा हक्कच त्यात संपतो.

तिसरं काम : प्रश्न तयार ठेवणं

आपलं गाव लहान नाही. साडेसात हजारांवर लोकसंख्या असली की १७ सदस्य असतात, कायद्यात त्याहून जास्त नाहीत. त्यात अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे बाहेरून यात्रेकरू येतात. पाणी, कचरा, रस्ते, सगळ्यांवर ताण पडतो. अशा गावाचा कारभार नुसत्या गोड बोलण्यावर चालत नाही.

उमेदवार दारात आला की चहा जरूर द्या, पण हे तीन प्रश्नही विचारा.

पहिला, पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, बाकीचा गावाच्या गरजेप्रमाणे. हा हिशोब ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाईलवरही दिसतो. मागच्या बॉडीतले लोक परत उभे असतील तर विचारा, भाऊ, पाण्याचा पैसा कुठे लागला?

दुसरा, हक्काचा खर्च. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते झाले का?

तिसरा, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला तुम्ही ग्रामसभेत होता का? पाच वर्षांत तिथे तोंड न उघडलेला माणूस निवडून आल्यावर बोलेल, हा भरवसा कशावर ठेवायचा? आणि हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारायचा. टाळ्या नका वाजवू, तो आपल्यालाच लागू आहे!

उमेदवाराला अर्जासोबत गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. ती वाचा. खर्चालाही मर्यादा असते. २०१७ साली १५ ते १७ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला ५० हजार आणि सरपंचाला पावणेदोन लाख अशी होती. गावात एका रात्रीच्या जेवणावळीत किती उडतं, ते तुम्हीच मनात मोजा. तो पैसा नंतर कुठून वसूल होतो, हेही.

चौथं काम : मतदानाचा दिवस

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोकसभेला, विधानसभेला एकदा बटण दाबलं की काम संपतं. ग्रामपंचायतीला तसं नाही. एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, आणि सरपंच थेट जनतेतून निवडायचा. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. म्हणजे प्रभागात तीन जागा असतील तर आपली मतं चार.

प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी आणि रंगही वेगळा. सरपंचाची फिकी निळी, सर्वसाधारण जागेची पांढरी, अनुसूचित जातीची गुलाबी, अनुसूचित जमातीची हिरवी, नागरिकांच्या मागास प्रवर्गाची पिवळी. प्रत्येक जागेला एक बटण. कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण त्याच जागेसाठी दाबा. सगळी मतं झाल्यावर मोठा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय बाहेर निघू नका. म्हातारी माणसं एक बटण दाबून निघतात आणि कर्मचारी मागून हाका मारत राहतात.

ओळखीचा पुरावा न्या. वेळ संपली तरी त्याआधी रांगेत लागलेल्याला मत देता येतं, घाबरून परत जाऊ नका.

श्रोत्यांचे प्रश्न

एक आजी : बापू, त्याहिनं साडी देल्ली, आता दुसऱ्याले मत देल्लं तर पाप लागते का?

उत्तर : आजी, पाप देणाऱ्याला. वस्तू देऊन मत मागणं हा गुन्हा आहे. साडी परत करता आली तर उत्तम. घेतली गेली असेल तरी त्या साडीनं तुमचं मत विकत जात नाही. आत तुम्ही आणि मशीन, तिसरं कोणी नाही.

एक तरुण : सर, माझ्या एका मतानं काहून फरक पडेल?

उत्तर : लोकसभेचं जाऊ द्या. प्रभागात काहीशे मतं असतात. इथे पाच-दहा मतांनी निकाल लागतो, कधी बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागते. मत सगळ्यात जड कुठे असेल तर ते गावात. आज घरी जाऊन एकच करा. जेवणाआधी मोबाईलवर घरातल्या सगळ्यांची नावं यादीत पाहा. कोणाचं नसेल, तर उद्या सकाळी नमुना ६.