टाळ्या क्रॉसच्या, व्हायोलिन जॉब्सनचे

प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका विकत घेणारा श्रोता एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरतो : त्या रात्री जे वाजले तेच आपल्या कानी पडत आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताचा अध्वर्यू मानल्या गेलेल्या 'किंग क्रिम्झन' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, की हे गृहीत किती ठिसूळ आहे ते ध्यानात येते.

१९७२ ची 'अर्थबाउंड' यांतली सर्वांत दरिद्री. अमेरिकेच्या दौऱ्यात कॅसेटवर केलेले हे मुद्रण इतके खरखरीत निघाले, की अटलांटिक कंपनीने ते अमेरिकेत काढण्याचे नाकारले; ब्रिटनमध्ये ते स्वस्त दरात विकले गेले. आवाज फाटतो, सॅक्सोफोन किंचाळतो; पण जे आहे ते त्या दौऱ्यातलेच आहे.

१९७५ च्या 'यूएसए'चा ध्वनी याउलट भरदार. मैफली जून १९७४ मधल्या, मुख्यत्वे अ‍ॅसबरी पार्कच्या. परंतु व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस तोवर बाहेर पडला होता, पाठोपाठ वाद्यवृंदही मोडला होता. तीन रचनांत एडी जॉब्सन या दुसऱ्याच वादकाचे व्हायोलिन वा पियानो स्टुडिओत मागाहून चढवण्यात आले. जॉब्सनचे नाव वेष्टनावर छापलेले असल्याने याला फसवणूक म्हणता येणार नाही. तथापि टाळ्या पडतात त्या क्रॉसला आणि ऐकू येतो जॉब्सन, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणारा नव्हे.

गंमत अशी, की 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' ही १९७४ ची ध्वनिमुद्रिका स्टुडिओतली म्हणून खपली, आणि तिचा बराचसा भाग मैफलींतला, विशेषतः नोव्हेंबर १९७३ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या मैफलीतला होता. तेथे वादन ठेवले, टाळ्या तेवढ्या पुसल्या! म्हणजे टाळ्यांच्या गजरावरून ध्वनिमुद्रिकेचा खरेपणा ठरवू पाहणारा ग्राहक दोन्हीकडून चकणार.

गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याने ही थकबाकी पुढे फेडली. अ‍ॅमस्टरडॅमची मैफल १९९७ मध्ये 'द नाइट वॉच' या नावाने टाळ्यांसह आली. त्याआधी, १९९२ मध्ये, चार सीडींचा 'द ग्रेट डिसीव्हर' हा संच निघाला होता. त्यात प्रॉव्हिडन्स येथील ३० जून १९७४ ची मैफल आहे. वेटनचा बास आणि ब्रुफर्डचे ड्रम्स यांच्या धबडग्यात क्रॉसचे व्हायोलिन तेथे झगडत राहते. जॉब्सनइतके सफाईदार नाही, पण त्या रात्रीचे आहे.