पेन्सिलीला न सापडणारा अर्थ

सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकं परत येतात तेव्हा त्यांत वाचकांच्या खुणा असतात. कुठे हळदीचं बोट, कुठे एसटीचं तिकीट, आणि बहुतेक ठिकाणी पेन्सिलीच्या रेघा. मी देवघेवीच्या टेबलावर बसते, त्यामुळे या रेघा पुसायचं कामही माझ्याकडेच. आमच्याकडे सर्वांत जास्त रेघा मारलेलं पुस्तक कोणतं, तर वि. स. खांडेकरांची 'ययाति'. प्रेम, वासना, सुख, त्याग यांवरचं एकही सुभाषितवजा वाक्य वाचकांनी सोडलेलं नाही. काहींनी समासात 'वा!' लिहिलंय. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मात्र इतक्या हातांतून फिरूनही कोरी राहिली आहे.

याचा अर्थ 'बनगरवाडी' लोकांना आवडत नाही असा नाही. तिच्यात रेघ मारावी असं वाक्यच सापडत नाही, एवढंच. आणि पुस्तकातला आशय नेमका कुठे असतो, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या कोऱ्या पानांत दिसतं.

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजची मुलं गाइड मागायला येतात. त्यात 'बनगरवाडी'चं आशयसूत्र एका ओळीत दिलेलं असतं : ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण. खोटं नाही. पण ते विषयाचं नाव झालं. विषय म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे, आणि आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल पुस्तकाला काय दिसलं आहे. हे दिसणं लेखक सांगत बसत नाही. पात्रं काय करतात, काय टाळतात, अडचणीत कशी वागतात, यांतून ते वाचकाला गोळा करावं लागतं.

'बनगरवाडी' पुस्तकरूपानं आली 1955 साली. औंध संस्थानातली माणदेशातली धनगरांची वाडी. राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा पोरगा तिथल्या बंद पडल्यासारख्या शाळेवर मास्तर म्हणून जातो. मुलं मेंढरांमागे रानात, शाळेत येणार कोण? म्हातारा कारभारी आधी या पोराला जोखून घेतो, मग हळूहळू सगळी वाडी त्याला आपला म्हणते. पत्र लिहायला मास्तर, भांडण मिटवायला मास्तर. इथवर वाचून वाटतं, शिकलेला तरुण खेडं सुधारतो अशी ही गोष्ट. त्या काळी अशा आदर्श मास्तरांच्या गोष्टींना तोटा नव्हता.

आता शेकूचं बघा. शेकूकडे बैल एकच. औताला दोन लागतात, आणि दुसरा मिळायची सोय नाही. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाला खांदा देते. माडगूळकर इथे दारिद्र्याबद्दल काही बोलत नाहीत. बाईच्या तोंडी 'काय हे नशीब' असा उसासा नाही, की मास्तरच्या मनात समाजव्यवस्थेवर चिंतन नाही. रान नांगरायचं आहे, बैल एक आहे, म्हणून ती दुसऱ्या बाजूला उभी राहते. तिच्या दृष्टीनं तो अडचणीवर काढलेला मार्ग आहे. करुणा वाटायची तर ती वाचणाऱ्याला वाटते, तिला नाही. कादंबरीतल्या माणसांचा ताठपणा आणि त्यांची असहायता एकाच कृतीत येते. ती दोन वाक्यांत वेगळी काढून दाखवली असती, तर लोकांनी त्यांच्याखाली रेघ मारली असती आणि विसरले असते.

मास्तरच्या पुढाकारानं वाडी तालीम बांधते. लोक कष्ट देतात, काही कुरकुरतात, बाळा बनगराचा विरोध असतो. पण इमारत उभी राहते, आणि उद्‌घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. आदर्श मास्तरची गोष्ट असती तर ती इथे टाळ्यांत संपली असती. माडगूळकर पुढे जातात. पाऊस दडी मारतो, दुष्काळ पडतो, मेंढरं मरू लागतात, आणि ज्या माणसांनी तालीम बांधली ती पोटासाठी वाडी सोडून जातात. तालीम आहे तिथेच. मला विचाराल तर कादंबरीचा कणा इथे आहे. माणसांनी एकमेकांसाठी केलेलं काम खरं असतं, आणि आभाळ फिरलं की ते त्यांना धरून ठेवू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या. 'ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण' या चार शब्दांत हे कसं मावणार?

आमचे एक जुने सभासद आहेत, निवृत्त एसटी कंडक्टर. पुस्तक टेबलावर ठेवत ते म्हणाले होते, "ताई, मास्तरनं वाडीला काय दिलं ते मास्तरच सांगतोय. वाडीनं मास्तरला काय दिलं, ते बघा." एम.ए.च्या वर्गात सांगावं असं हे वाक्य. ही गोष्ट मास्तर स्वतः सांगतोय, म्हणजे आपण वाडी बघतो ती बाहेरून आलेल्या, शिकाऊ माणसाच्या डोळ्यांनी. त्याला कळत जातं तसं आपल्याला कळतं. निवेदक कोण, हा प्रश्न म्हणूनच निरुपद्रवी नसतो.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (1971) तर निवेदकाची बोलीच सारं काम करते. नारबा हा शेतावरचा गडी, कागलकडच्या बोलीत बोलणारा, स्वतःचं घरदार नसलेला. मळ्यावरची जनावरं हेच त्याचे नातेवाईक. मालक ट्रॅक्टर आणतो आणि बैलांची गरज संपते. यांत्रिकीकरण हा शब्द नारबाला माहीत असणं शक्यच नाही. तो सांगतो ते एकेक जनावर कमी होण्याबद्दल. आशयसूत्र त्याच्या बोलण्यातून सुटं करून प्रमाण मराठीत लिहायला गेलं, की त्यातला जीवच जातो.

खांडेकरांवर मात्र अन्याय व्हायला नको. 'ययाति'च्या अधोरेखित वाक्यांमुळे एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून सुटते : ती कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं सांगतात. तेच लग्न, तोच राजवाडा, आणि तिघांना दिसणारं जग निरनिराळं. प्रत्येक जण स्वतःपुरता बरोबर असतो. भोग माणसाला कसा आंधळा करतो, हे खांडेकरांच्या सुभाषितांपेक्षा या तीन आवाजांच्या न जुळण्यातून जास्त कळतं. सुभाषितं थोडी कमी असती तर मला कादंबरी अधिक आवडली असती, हे आमच्या सभासदांसमोर बोलायची सोय नाही.

आणि आता हरिभाऊ. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. कादंबरी लिहिली यमूच्या तोंडून, तिनं स्वतः सांगितलेली कहाणी म्हणून. बालपण, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईला मिळालेले थोडे मोकळे दिवस, वैधव्य, आणि मग जबरदस्तीनं केलेलं केशवपन. तोंडानं धर्म बोलणारे शंकरमामंजी तर वाचकांच्या पिढ्यांनी शिव्या घालून जिवंत ठेवले आहेत.

पण एक साधी गोष्ट बघा. यमू ही कहाणी लिहू शकते, कारण तिला लिहिता-वाचता येतं, आणि त्यासाठी प्रोत्साहन देणारा नवरा तिला लाभला होता. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारी व्याख्यानं त्या काळी पुष्कळ झाली. हरिभाऊंनी ते मत पात्राच्या हाती लेखणी देऊन मांडलं. ती शिकली नसती तर आपल्या हातात हे पुस्तकच नसतं. केशवपन झालेल्या बाईची वाचा बंद होईल असं घरच्यांनी धरलं होतं, आणि ती तर पानांमागून पानं बोलते आहे.

यमूची मैत्रीण दुर्गी हे पात्र गाइडात एका ओळीत उरकलेलं असतं. तिला मिळालेला नवरा उडाणटप्पू आणि मारहाण करणारा. यमूचा नवरा चांगला निघाला तो केवळ दैवानं, हे आपल्याला दुर्गीमुळे कळतं. ती नसती तर चांगला नवरा मिळाला की बाईचा प्रश्न सुटला, असा सोयीचा निष्कर्ष वाचकाला काढता आला असता. दुर्गी तो काढू देत नाही. नवरा कसाही असो, बाईचं आयुष्य तो कसा निघतो यावर टांगलेलं आहे, ही तक्रार दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवल्यावरच उभी राहते. दुय्यम पात्रं म्हणतो ती अनेकदा मुख्य पात्राचा अर्थ लावण्यासाठीच आलेली असतात.

हरिभाऊंची ही कादंबरी जाडजूड आहे, जुन्या वळणाची आहे, म्हणून अलीकडे फारसं कुणी नेत नाही. नेणाऱ्याला मी एकच सांगते : घाई असेल तर एखादं वर्णन उडवा, हरिभाऊ रागावणार नाहीत; दुर्गीची पानं मात्र उडवू नका.