चिपला माणूस ओळखता येत नाही

ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांना आणि कंपन्यांच्या संचालकांना डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सही प्रमाणपत्राचे टोकन, नवे नाही. दिसते पेनड्राइव्हसारखे, म्हणून बरेच जण समजतात की आत एक फाइल आहे आणि तिची कॉपी काढून ठेवता येईल. तसे होत नाही. हे टोकन म्हणजे स्मार्ट कार्डाची चिप आणि कार्ड रीडर, दोन्ही एकत्र. सहीची खासगी किल्ली चिपमध्येच तयार होते आणि तिथेच राहते. लॉगिन करताना सर्व्हर दर वेळी नवा आकडा पाठवतो, चिप त्यावर आतल्या आत सही करते आणि सर्व्हर ती खासगी किल्लीच्या जोडीच्या सार्वजनिक किल्लीने ताडून पाहतो. कालची सही कुणी चोरली, तरी आज ती निरुपयोगी.

टोकनचा पिन सर्व्हरकडे जातो, हाही गैरसमजच. तो चिप स्वतः तपासते आणि ठरावीक वेळा चुकला की लॉक होते.

मग चिप अभेद्य आहे का? एस्टोनियात ओळखपत्रावरच्या चिपने सरकारी सेवांमध्ये लॉगिन करतात, सहीही करतात. २०१७मध्ये उघड झाले की या ओळखपत्रांतल्या इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधली किल्ली बनवण्याची पद्धतच सदोष आहे. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे शक्य होते. कार्डाला हातही लावायला नको! सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली.

आपल्याकडची गोची मात्र गणिताची नाही, ड्रॉवरची आहे. सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये अशिलांची टोकने, प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि पिन. ‘सोय’ म्हणून हे सर्रास चालते. चिपला फक्त पिन बरोबर आहे की नाही एवढेच कळते. तो कुणी टाकला, हे नाही. टोकन दिवसभर संगणकाला लावून ठेवले आणि संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरले, तर तेही पिन टिपून किल्ली न चोरता तुमच्या नावाने सही करू शकते. तेव्हा काम झाले की टोकन काढा.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४२नुसार खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाचीच आहे. किल्ली धोक्यात आल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत दायित्वही त्याचेच.