हृदयाची नळी आणि वेळेचे मोल

छातीत कळ आली की आपल्याकडे प्रथम ‘पित्त झाले’ म्हणतात, ओवा चघळतात आणि पाळी पुरी करतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर साचतो. तो फाटला की त्यावर गुठळी धरते आणि पाट तुंबल्यावर वाफा सुकावा तसा पुढचा स्नायू मरू लागतो.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. १९५६ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाचा फुगा फुगवून हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. आज मनगटातून वा जांघेतून नळी घालतात आणि धमनी पुन्हा मिटू नये म्हणून तेथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. किंमत अशी बांधता येते. वेळ बांधता येत नाही. झटक्याचे निदान झाल्यावर दोन तासांत नळीचा उपचार होण्याजोगा नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आधी द्यावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. पौडहून पुणे सुमारे तीस किलोमीटर. मुळशीच्या आतल्या वाड्या त्याहून दूर.

म्हणून कळ थांबेना तर १०८ ला बोलवा. बुडालेला खाडा भरून निघतो. मेलेला स्नायू परत येत नाही.