गालगुंड ‘साधा’ आजार नाही

गालगुंड म्हणजे कानाखाली सूज, थोडा ताप, चार दिवस पातळ खिचडी आणि हळदीचा लेप, ही आपल्या घरांतली समजूत अगदीच खोटी नाही. बहुतेक मुलं खरोखरच आठ-दहा दिवसांत हिंडू-फिरू लागतात. पण हा विषाणू फक्त लाळग्रंथीत थांबत नाही. वयात आलेल्या, लस न घेतलेल्या आणि गालगुंड झालेल्या पुरुषांपैकी शंभरात १५ ते ३० जणांचे वृषण सुजतात. त्यातून कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं, तरी वेदना आणि भीती मोठी असते. कधी मेंदूच्या आवरणाला सूज येते, तर कधी एका कानाचं ऐकू येणं कायमचं जातं. एकाच कानाचं असल्याने लहान मूल ते सांगत नाही आणि घरच्यांच्याही फार उशिरा लक्षात येतं.

मग आजारी मुलाला घरात ठेवलं की झालं, असं कुणी म्हणेल. सूज आल्यापासून पाच दिवस ठेवायलाच हवं, पण संसर्ग सूज दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो, आणि काहींना तर सूज येतच नाही. म्हणून भिस्त लशीवरच ठेवावी लागते. राष्ट्रीय लसीकरणात मात्र गोवर-रुबेलाची (एमआर) लस आहे, गालगुंडाची नाही. ती एमएमआर लशीतून खासगी दवाखान्यात, पैसे मोजून मिळते. ही अर्धवट व्यवस्था मला सर्वांत धोक्याची वाटते. थोड्याच मुलांना लस मिळाली की विषाणूचा फैलाव मंदावतो, थांबत नाही; मग जो बालपणी सुटला, त्याला तो कॉलेजच्या वसतिगृहात गाठतो, म्हणजे नेमका गुंतागुंतीच्या वयात. फिनलंडने १९८२ पासून सर्व मुलांना दोन मात्रा दिल्या आणि देशांतर्गत गालगुंड संपवला. लस घेऊनही काहींना तो होतो, हे खरं आहे. दोन मात्रांचं संरक्षण सुमारे ८५-९० टक्के असतं, आणि तरीही झालेला आजार बहुधा सौम्य असतो. लशीबद्दलची आणखी एक भीती स्वमग्नतेची, पण तिच्याशी लशीचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही.

सरकारी वेळापत्रकात ही लस यायलाच हवी. तोवर मुलाचं लसीकरण कार्ड काढून पाहा. त्यावर फक्त ‘एमआर’ असेल, तर एमएमआरबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. गर्भवतींनी ही लस घेऊ नये. घरातल्या इतर तरुणांसाठी मात्र तिची चौकशी जरूर करा.