संघ: अकरांचा आणि पाच लढतींचा

त्रिशरण म्हणताना आपल्या वसतिगृहात रोज ‘संघ’ हा शब्द उच्चारला जातो, आणि सायंकाळी मैदानावर मुले दोन गटांत विभागली जातात तेव्हाही तोच शब्द कानी पडतो. देशाचा संघ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला मात्र फुटबॉल आणि बॅडमिंटन हे दोन खेळ निराळी उत्तरे देतात. आमच्या विद्यार्थ्यांना दोन्ही खेळांची गोडी आहे, म्हणून हा भेद उलगडून सांगावासा वाटतो.

फुटबॉलमध्ये संघ डोळ्यांना दिसतो. अकरा जण एकाच वेळी मैदानावर असतात व एकाची उणीव दुसऱ्याने धावून भरून काढायची असते. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बचावातून काढले. पण बाहेर न बसवता आघाडीला खेळवले. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारल्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने हरकत घेतली होती. त्यामुळे प्रेक्षक भारतावर रुष्ट होते. त्याच प्रेक्षकांसमोर अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी प्रत्येकी एक गोल केला, आणि त्याच कोरियाला 2-1 असे नमवून भारताने सुवर्ण मिळवले. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी ते गेले.

बॅडमिंटनमध्ये मात्र कोर्टवर खेळाडू एकटा किंवा फार तर जोडीने असतो. मग संघ कुठे असतो? पुरुषांच्या थॉमस चषकात दोन देशांमध्ये तीन एकेरी व दोन दुहेरी अशा पाच लढती आलटून-पालटून होतात. तीन जिंकणारा देश विजयी. एकेरीचा क्रम प्रशिक्षकाच्या मर्जीने लावता येत नाही, तो जागतिक क्रमवारीनुसार ठरतो. त्यामुळे बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर आपला दुबळा गडी उभा करून उरलेल्या लढती पदरात पाडून घेण्याची युक्ती चालत नाही. साखळीत पाचही लढती खेळवतात. बाद फेरीत निकाल लागला की खेळ थांबतो. तिसऱ्या एकेरीचा खेळाडू म्हणूनच विचित्र स्थितीत असतो. बरोबरी झाली तर सारे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येते; न झाली तर त्याला खेळायलाच मिळत नाही. आमच्या मते या खेळातील सर्वांत अवघड जागा हीच.

बँकॉकला 2022 मध्ये हे लख्ख दिसले. भारताने तोवर हा चषक एकदाही जिंकलेला नव्हता. उपान्त्यपूर्व फेरीत मलेशिया व उपान्त्य फेरीत डेन्मार्क यांच्याविरुद्ध घटना एकाच क्रमाने घडल्या: लक्ष्य सेन हरला, सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी जिंकले, किदम्बी श्रीकांत जिंकला, दुसरी दुहेरी गेली. 2-2. दोन्ही वेळा अखेरची लढत एच. एस. प्रणॉयने जिंकली, डेन्मार्कविरुद्ध तर घोटा मुरगळलेला असताना, आणि पहिला गेम गमावल्यावर.

15 मे रोजी समोर चौदा वेळा चषक जिंकलेला गतविजेता इंडोनेशिया होता. दोन सामन्यांत पराभूत झालेला लक्ष्य पहिला गेम 8-21 असा हरूनही जिंकला. सात्त्विक-चिरागनेही पहिला गेम गमावून लढत खेचून आणली. श्रीकांतने दुसरा गेम 23-21 असा संपवला आणि 3-0 असा निकाल लागला. उरलेल्या दोन लढती झाल्याच नाहीत. प्रणॉय त्या दिवशी कोर्टच्या कडेला सहकाऱ्यांना हाका देत बसला होता, आणि शेवटचा गुण पडताच इतरांबरोबर तोही आत धावला.