झिमझिम पाऊस व मोटारीचा वायपर

भंडारा जिल्ह्याचा पावसाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस पावसाचे प्रकार नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. मृगाची पहिली सर निराळी, श्रावणांतील ऊन-पाऊस निराळा, आणि बंगालच्या उपसागराकडून ढग चालून आले म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दिवस न उघडणारी झड निराळी. वर्षाकाठीं सुमारें १३०० मिलिमीटर पडणाऱ्या ह्याच पावसावर आमच्या बांध्यांतील धान उभें राहतें; सबब त्याविषयीं कुरकुर करणें आम्हांस शोभत नाहीं. परंतु मोटार हांकणाऱ्याच्या दृष्टीनें ह्यांतला सर्वांत घातक पाऊस कोणता, असा प्रश्न केला असतां बहुतेक विद्यार्थी 'मुसळधार' असें उत्तर देतील. दोन वर्षांपूर्वीं मीही तेंच उत्तर दिलें असतें.

त्या वर्षीं भाद्रपदांत वसतिगृहांतील एका मुलास रात्रीं एकाएकीं ताप चढला, म्हणून आम्हीं त्यास साकोलीहून भंडाऱ्यास रुग्णालयांत नेण्यास निघालों. वाहन म्हणजे वसतिगृहाचा धान्य व भाजीपाला आणणारा जुना पिकअप. त्याचें वय गाडीत बसलेल्या मुलाच्या वयापेक्षां अधिक होतें. लाखनी मागें पडली. पाऊस म्हणण्यासारखा पाऊस नव्हता, नुसती भुरभुर होती. पुढें चाललेल्या ट्रकच्या चाकांनीं उडालेला चिखलाचा तुषार तेवढा कांचेवर येत होता. वायपर सुरू केला कीं तो कांचेवर कर्कश ओरडत थरथरे, आणि बंद केला कीं क्षणांत कांच ठिपक्यांनीं भरून जाई. समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे त्या प्रत्येक ठिपक्यांत निरनिराळे चमकत. आमचे चालक काका एका हातानें चाक धरून दुसऱ्या हातानें वायपरचें बटन सारखें चालू-बंद करीत होते. अशाच एका वेळीं त्यांची नजर बटनाकडे वळली, आणि गवताचा भारा लादलेली, दिवा नसलेली एक सायकल एकदम पुढें उभी राहिली. गाडी रस्त्याखालीं उतरली. सायकलस्वार चिखलांत पडला, पण परमेश्वराच्या कृपेनें त्यास खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. सायकलचें हँडल मात्र वांकडें झालें, तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं नीट करून दिलें. मुलगाही आठवड्यानें बरा होऊन परतला.

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "धो-धो पानी पुरते जी गुर्जी, पन हे झिमझिम नाही पुरत." ह्या एका वाक्यांत पदार्थविज्ञानाचा एक धडा सांठविलेला आहे, हें मला मागाहून उमगलें.

भरपूर भिजलेल्या कांचेवर पाण्याचा थर वंगणाचें काम करितो, आणि वायपरचें रबरी पातें त्यावरून सहज सरकतें. अगदीं कोरड्या कांचेवर तें घासतें. परंतु ह्या दोहोंच्या मधली, अर्धवट सुकत आलेल्या कांचेची जी अवस्था, ती सर्वांत वाईट. तेथें घर्षण कोरड्या कांचेपेक्षांही वाढतें. रबर कांचेस चिकटतें, सुटतें आणि पुन्हां चिकटतें. आपणांस ऐकूं येणारी ती ओरड व थरथर म्हणजे हेंच चिकटणें आणि सुटणें. सावकाश गतीचा वायपर मिनिटास सुमारें ४५ फेऱ्या करितो, म्हणजे एका फेरीस एक सेकंद आणि वर एक तृतीयांश. भुरभुर पावसांत तेवढ्या अवधींत कांच भिजण्याइतके थेंबच जमत नाहींत. तात्पर्य, अशा वेळीं वायपरानें एक फेरी करून कांहीं सेकंद स्वस्थ राहिलें पाहिजे. नव्या गाड्यांत ही सोय मुळांतच असते. आमच्या गाडींत नव्हती.

वायपरचा इतिहास एका स्त्रीपासून सुरू होतो. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत राहणाऱ्या मेरी अँडरसन ह्या बाई हिवाळ्यांत न्यूयॉर्क शहरीं गेल्या असतां, ट्रामचा चालक बर्फाळ पावसांत खिडकी उघडी टाकून कुडकुडत गाडी हांकीत आहे, असें त्यांनीं पाहिलें. चालकानें आंत बसून दांडी ओढावी आणि बाहेरील रबरी पात्यानें कांच पुसावी, अशी योजना त्यांनीं केली व १९०३ सालीं तिचें पेटंट मिळविलें. त्यांतून त्यांस धनलाभ असा झाला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप, जिचे वंशज पुढें महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत बनविले, तिचेही वायपर हातानेंच हलवावे लागत.

थांबून-थांबून चालणाऱ्या वायपराशीं ज्याचें नांव विशेष जोडलें गेलें, तो डेट्रॉइट येथील अभियांत्रिकीचा अध्यापक रॉबर्ट कर्न्स. १९५३ सालीं विवाहाच्या रात्रीं शँपेनच्या बाटलीचें बूच उडून त्याच्या एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली. पुढें पावसांत मोटार हांकतांना अखंड हालणारीं पातीं त्यास असह्य होत, तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, मनुष्याची पापणी कांहीं सारखी फडफडत नाहीं. ती मिटते, उघडते व कांहीं काळ स्थिर राहते. वायपरानें पापणीचें अनुकरण कां करूं नये? १९६४ च्या डिसेंबरांत त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, व तें १९६७ सालीं मिळालें. १९६९ पासून फोर्ड कंपनीच्या गाड्यांत असे वायपर दिसूं लागले. १९७८ सालीं त्यानें फोर्डवर, आणि १९८२ सालीं क्रायस्लरवर दावा लावला. ह्यांत नवीन तें काय, कपॅसिटर जुना, रोधक जुना, ट्रान्झिस्टर जुना, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. तो टिकला नाहीं. १९९० सालीं फोर्डनें सुमारें १ कोटि २ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. क्रायस्लरविरुद्ध तर त्यानें स्वतःच वकिली केली व तोही खटला जिंकला. एवढ्या अवधींत त्याचा संसार मोडला होता. जिंकला तो खरा. पण ह्या हिशेबांत काय जमेस धरावें आणि काय खर्चीं, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

आतां ह्या यंत्रास 'किती वेळ थांबावें' हें कळतें कसें, तें पाहूं. जुन्या काळीं लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र वापरीत. बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवावयाची. छिद्रांतून पाणी शिरत शिरत ती भरली कीं बुडावयाची, आणि एक घटका झाली असें समजावयाचें. मग वाटी रिकामी करून पुन्हां पाण्यावर सोडावयाची. आमच्या यंत्रांत कपॅसिटर ही ती वाटी, रोधक हें छिद्र आणि वीज हें पाणी. रोध वाढविला म्हणजे छिद्र लहान केलें; वाटी भरण्यास वेळ अधिक लागतो. वाटी बुडाली आहे, ती उचलून रिकामी करा, हें सांगणारा पहारेकरी म्हणजे १९७२ सालीं बाजारांत आलेली ५५५ नांवाची चिप. ती आजही नागपूरच्या बाजारांत अगदीं थोडक्या पैशांत मिळते. आम्हीं १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला. तो भरण्याच्या वाटेवर ३२ किलोओहमांचा स्थिर रोध व त्यापुढें शून्यापासून १०० किलोओहमांपर्यंत फिरविण्याजोगा रोध बसविला. रिकामा होण्याच्या वाटेवर केवळ १० किलोओहम ठेवला. रोध व धारकता ह्यांच्या गुणाकारास ०.६९३ नें गुणिलें असतां सेकंद येतात. त्याप्रमाणें विश्रांतीचा काळ सुमारें २.२ पासून ९.१ सेकंदांपर्यंत हवा तसा ठेवितां येतो, आणि हालचालीची सूचना ०.७ सेकंद टिकते. हें गणित दहावीच्या मुलांनीं फळ्यावर केलें, आणि आम्हांस वाटलें, काम संपलें.

खरें काम येथूनच सुरू झालें.

चिपची शक्ति अल्प, व वायपरच्या मोटरीस कित्येक अँपियर वीज लागते. म्हणून मध्यें रिले घालावा लागतो; रिले म्हणजे लहान विजेनें उघडझाप होणारें मोठ्या विजेचें दार. प्रथम आम्हीं वायपरचें बटन 'सावकाश' वर ठेवून त्यास येणारी वीजच रिलेनें जोडावी व तोडावी असें केलें. पातें निघालें आणि ०.७ सेकंदानें वीज तुटतांच कांचेच्या मधोमध, नेमकें चालकाच्या डोळ्यांपुढें, थांबलें. सर्व मुलें हंसलीं. दुसऱ्या खेपेस बटन बंद ठेवून रिलेमार्फत मोटरीस निराळी वीज दिली; तेव्हां फट्‌ असा आवाज होऊन फ्यूज उडाला. ह्या वेळीं कोणी हंसलें नाहीं.

ह्या दोन्ही अपयशांचें कारण एकच होतें. गाडीच्या मूळ रचनेंत एक शहाणपण अगोदरच दडलेलें होतें, तें आम्हीं पाहिलेंच नव्हतें. चालकानें बटन कोणत्याही क्षणीं बंद केलें तरी पातें अर्ध्यावर न थांबतां कांचेच्या तळाशीं जाऊन निजतें, हें आपण नित्य पाहतों. तें कसें घडतें, हें मात्र विचारीत नाहीं. वायपरच्या मोटरीच्या पोटांत एक दांतेरी चाक असतें व त्यावर एक खांचा असलेली चकती असते. पातें घराबाहेर असेपर्यंत ही चकती एका वेगळ्या तारेंत वीज सोडीत राहते, व बटन बंद असतां तीच वीज मोटरीस मिळते. पातें घरीं पोहोंचलें कीं खांच येते, वीज तुटते, आणि तीच तार उलट जमिनीस, म्हणजे गाडीच्या अंगास, जोडली जाते. त्यामुळें फिरत्या मोटरीस विजेचाच लगाम बसून ती जागच्या जागीं थांबते. आमचे मिस्त्री हिला 'पार्किंगची तार' म्हणतात. पहिल्या प्रयोगांत आम्हीं ही तार वापरलीच नाहीं, म्हणून पातें वाटेंत थांबलें. दुसऱ्यांत ती जमिनीस जोडलेली असतांनाच तिच्यावर वीज सोडली, म्हणून फ्यूज उडाला.

उपाय सांपडला तो आश्चर्य वाटावें इतका लहान. नुसती उघडझाप करणारा रिले न घेतां पांच पायांचा, दोहों बाजूंस पालटणारा रिले घ्यावा. मोटरीकडून बटनाकडे येणारी पार्किंगची तार, आणि केवळ तीच, कापावी. बटनाकडील टोंक रिलेच्या मधल्या पायास, म्हणजे ३० ह्या अंकास जोडावें. मोटरीकडील टोंक ८७-अ ह्या विश्रांतीच्या पायास. आणि ८७ ह्या पायास फ्यूजमधून आलेली वीज द्यावी. उरलेले ८५ व ८६ हे पाय रिलेच्या वेटोळ्याचे. ते चिपकडे जातात. रिले निजलेला असतां सर्व कांहीं पूर्ववत्. तो जागा होतांच पार्किंगची तार आधीं सुटते, मगच वीज जोडली जाते, आणि पातें घर सोडून निघतें. ०.७ सेकंदानें रिले पुन्हां निजतो. परंतु एव्हांना पातें वाटेवर असल्यामुळें पुढील वीज चकतीच पुरविते व त्यास घरीं आणून निजविते. ही सूचना एका फेरीच्या काळाहून कमी, पण पातें घराबाहेर पडण्यास पुरेशी असावी, एवढेंच पथ्य.

ह्या रचनेचा मला वाटणारा मोठा गुण हा कीं, आमची चिप उद्यां बिघडून बंद पडली, तरी गाडीचा मूळ वायपर सावकाश व जलद अशा दोन्ही गतींनीं पूर्वीसारखाच चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील १०१ व्या नियमानें कांच असलेल्या मोटारीस चालता वायपर आवश्यक मानिला आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगापायीं तो गमावणें कोणत्याही अध्यापकास परवडणारें नाहीं.

ज्यांस हें करून पाहावयाचें असेल, त्यांनीं बॅटरीची ऋण बाजू प्रथम सोडावी. तारेच्या रंगावर भरंवसा ठेवूं नये. जुन्या गाडींत कोणत्या मिस्त्रीनें कोणत्या रंगाची तार जोडली असेल ह्याचा नेम नसतो. टेस्ट लॅम्पानें प्रत्येक तार पारखावी व कागदावर चित्र काढून मगच कापावी. कांहीं जुन्या गाड्यांत बटन विजेच्या बाजूस नसून जमिनीच्या बाजूस असतें. तेथें वरील जोडणी लागू पडणार नाहीं. रिलेच्या वेटोळ्यावर एक डायोड उलटा लावावाच, नाहीं तर वेटोळें बंद होतांना उसळणारा दाब चिपचा प्राण घेतो. आमच्या दोन चिपा अशाच गेल्या. फिरता रोध शक्यतों जुन्या रेडिओसारखा, फिरविण्यापूर्वीं 'टक्' असा वाजणारा घ्यावा. म्हणजे चालू-बंद करणें व वेळ ठरविणें ह्या दोन्ही गोष्टी एकाच खुंटीनें, रस्त्यावरील नजर न हलवितां होतात. आणि पात्याचें रबर कडक झालें असेल तर आधीं तें बदलावें, कारण झिजलेलें रबर थांबून-थांबून फिरविलें तरी तें कांच पुसणार नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत ही खुंटी डॅशबोर्डावर बसली. काकांनीं पहिल्या झडींत गाडी पवनीपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर त्यांनीं एकच दोष काढला: खुंटी फिरवितांच पातें हालत नाहीं, थोडें थांबून मग हालतें. दोष खरा आहे. आरंभीं कपॅसिटर अगदीं रिकामा असतो व चिप त्यास पुढें कधीं पूर्ण रिकामा होऊं देत नाहीं. त्यामुळें पहिली वाट पाहणी पुढल्यांपेक्षां लांबते. लहानांत लहान ती साडेतीन सेकंद, आणि खुंटी शेवटास असेल तर साडेचौदा. ट्रकचा चिखल कांचेवर आला असतां साडेतीन सेकंदही फार होतात. तूर्त काका प्रथम जुन्या बटनानें एक फेरी करून घेतात व मग खुंटी फिरवितात. नववीच्या दोन मुलांनीं ह्यावर एक तोड काढली असून तिचें चित्र माझ्या टेबलावर आहे. पण पार्किंगच्या तारेचा अनुभव ध्यानीं ठेवून, मीं तें अद्याप गाडीस लावूं दिलेलें नाहीं.